प्रचलित पद्धतीनुसार

आमची ही गेली तरी तिची प्रगती काही थांबली नाही. उलट असताना जेवढं नाव झालं नव्हतं तेवढं गेल्यावर होत होतं, आणि रोज सकाळी पहिला चहा झाला की ते कुठवर आलंय हे मी बघत असे.

इंटरनेटवर तिच्या नावाचं एक पान आहे. तिनं लिहिलेले सगळे शोधनिबंध त्यावर एकाखाली एक मांडलेले आहेत आणि प्रत्येकापुढे एक आकडा आहे. त्याला ते लोक सायटेशन म्हणतात. कुणी तुमच्या कामाच्या आधारानं पुढचं काम केलं, तर त्यानं आपल्या निबंधाच्या शेवटी तुमच्या निबंधाचं नाव द्यायचं, असा त्यांच्यातला रिवाज. नाव दिलं की तुमचा आकडा एकानं वाढतो. मी पडलो चष्मेवाला. आयुष्यभर दुकानात बसून लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढले; पण दुसऱ्यानं आठवण काढली की वाढतो असाही एक आकडा असतो, हे मला बायको गेल्यावर कळलं.

ते दाखवलं घाईबाईनं. घाईबाई म्हणजे हिच्या हाताखाली शिकलेली मुलगी, आता त्याच विभागाची प्रमुख आहे. ती जिना उतरतेय की जिन्यावरून पडतेय हे खाली उभ्या असलेल्याला शेवटपर्यंत कळत नाही, म्हणून हिनंच तिचं हे नाव ठेवलं होतं. हिच्या टेबलावरचं सामान खोक्यात भरून ती घरी घेऊन आली. एक कप, एक स्वेटर, मीच बनवलेले दोन जुने चष्मे. खोकं माझ्या हातात देऊन ती उभी राहिली. मग तिनं टेबलावरचा लॅपटॉप पुढे ओढला, ते पान उघडलं आणि म्हणाली, “काका, हे बघा. याच आठवड्यात दोघांनी मॅडमना साईट केलंय. मॅडम अजून कामावर आहेत.”

बिचारी बोलून गेली. मी मात्र ते वाक्य घट्ट धरून बसलो.

खरं तर आकड्यांनी हिला आयुष्यभर छळलं. तिच्याबरोबरचे लोक एकाच कामाचे चार तुकडे करून चार निबंध छापायचे आणि मोकळे व्हायचे. ही एकेका वाक्यापाशी आठवडा काढायची. “हे खरंय ना, हे खरंय ना,” असं स्वतःलाच विचारत घरभर फिरायची, आणि मी “अगं, खरंय, आता जेवायला वाढ किंवा मला तरी वाढू दे,” असं म्हणायचो. बढतीच्या मुलाखतीला गेली की समोरची मंडळी चष्मा नाकावर आणून यादी बघायची आणि म्हणायची, बाई, काम चांगलं आहे, पण संख्या कमी पडते. दोनदा तिचं घोडं तिथेच अडलं. दोन्ही वेळा ती घरी येऊन हसत ते सांगत होती आणि मी दुकानातल्या काचेसारखा तडकत होतो.

पण एक निबंध होता, तो मात्र धावला. लहान मुलांच्या आतड्याचा एक आजार आहे, त्यात आतड्याचा कणभर तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. त्या तुकड्यावर रंग चढवला की तो पसरायचा, पेशींच्या कडा एकमेकींत मिसळायच्या, आणि कळेनासं झालं की त्या पोराला पुन्हा टेबलावर घ्यायचं, पुन्हा तुकडा काढायचा. हिनं काय केलं, तर रंगाच्या आधी तो तुकडा बर्फाच्या खारट पाण्यात धुवायचा असं शोधून काढलं. एवढंच. रंग पसरायचा थांबला, पोरांना पुन्हा टेबलावर न्यायची वेळ येईना. निबंधात त्याला भारदस्त नाव होतं, घरात आम्ही थंड धुणंच म्हणायचो. मी तिला चिडवायचो, घरचं धुणं मशीनला लावायला तुला वेळ नाही आणि तिकडे थंड धुणं. ती म्हणायची, “घरच्या धुण्याला कुणी साईट करत नाही.”

आमची ओळखही कामातूनच झाली. तिच्या चष्म्याची फ्रेम सूक्ष्मदर्शकाला अडायची आणि डोळा भिंगाला नीट लागायचा नाही. मी तिला एक चपटी फ्रेम करून दिली. पुन्हा आली, तेव्हा दांड्या थोड्या वळवून दिल्या. तिसऱ्या खेपेला आली तेव्हा चष्म्यात काहीच बिघाड नव्हता, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

तर सकाळचा चहा व्हायचा, मी पान उघडायचो. आकडा कालचाच असला तर लॅपटॉप मिटून कामाला लागायचो. वाढलेला असला तर कोण, कुठलं, ते बघायचो. कुठल्यातरी थंड प्रदेशातलं इस्पितळ, कुठल्यातरी बेटावरचं विद्यापीठ. लेकीचा शाळेतला नकाशा कपाटावर होता, तो उतरवून मी त्यात ते गाव शोधायचो. सापडलं की समोरच्या रिकाम्या खुर्चीला सांगायचो, आज इथल्या लोकांनी तुझं नाव घेतलं बरं का. मोठ्यांदा सांगायचो. घरात दुसरं कुणी नसल्यामुळे वेडा म्हणायला कुणी नव्हतं.

तिचे फोटो मी फारसे बघत नाही. फोटोतली ती तिथेच थांबलेली आहे. हा आकडा मात्र आज एक तर उद्या दुसरा असायचा. कामावरून उशिरा येणारी बायको जशी वाटेत कुठेतरी असते, तशी ती मला त्या आकड्यामुळे वाटायची. मला तिच्या आठवणी नको होत्या, मला ती हवी होती, आणि मिळत होतं ते एवढंच होतं.

मग आकडा मंदावला.

त्या पानावर वर्षावार उभे पट्टेही असतात. ते काही वर्षं चढत गेलेले आणि मग एक एक पायरी उतरत आलेले. यंदाचा पट्टा तर बुटका, चिमुकला होता. आधी मला वाटलं इंटरनेटच बिघडलंय. लेकीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते, दोन पोरांना सांभाळते, तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. तिनं आधी लॅपटॉप बंद करून चालू करायला लावला. तो केला. मग म्हणाली, “बाबा, पेपर जुना झाला की असंच होतं. सगळ्यांचंच होतं.” मी म्हटलं बरं, आणि फोन ठेवला. जुना हा शब्द तिनं सहज वापरला होता, तरी दिवसभर तो माझ्या डोक्यातून जाईना.

आता त्या आजाराची पोरं काही कमी झालेली नाहीत. इस्पितळं बंद पडलेली नाहीत. म्हणजे तुकडे तपासले जातच असणार. मग ते धुतात कसे, असा प्रश्न मला पडला, आणि रिकामटेकड्या माणसाला प्रश्न पडला की तो कुणाचंच ऐकत नाही. मी त्याच आजारावरचे नवे निबंध शोधायला लागलो. फुकट वाचायला मिळतील तेवढे उघडले. त्यांतला शंभरातला एकही शब्द मला कळत नव्हता. पण प्रत्येक निबंधात काम कसं केलं ते सांगणारा एक भाग असतो, तेवढा मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचत असे.

आणि एके सकाळी मला आमचं धुणं सापडलं. तेच बर्फाचं पाणी, तेवढंच मीठ, तेवढाच वेळ, त्यानंतर रंग. हिच्या निबंधातलं जसंच्या तसं. मी घाईघाईनं शेवटची संदर्भांची यादी काढली. तिथे हिचं नाव नव्हतं. पुन्हा वर आलो. धुण्याच्या वाक्याच्या सुरुवातीला लिहिलं होतं, ‘प्रचलित पद्धतीनुसार.’

तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, कुणी प्रचलित केली? हिवाळ्यात बर्फात हात घालून घालून जिची बोटं सुजायची, तिनं. मी दुसरा निबंध उघडला, तिसरा उघडला. कुठे ‘प्रचलित’, कुठे ‘नेहमीप्रमाणे’, एका महाभागानं तर नुसतंच ‘धुऊन’ असं लिहून हात झटकले होते. या सगळ्यांनी हिचं काम उचललं होतं आणि नाव घ्यायला मात्र कुणाचीही जीभ उचलत नव्हती. मी त्यांना तोंडानं चोर म्हणालो आणि मग पत्र लिहायला बसलो.

पहिलं पत्र लिहिलं ते पाठवण्यासारखं नव्हतं. दुसरं बरं जमलं. त्यात लिहिलं होतं, ‘महोदय, आपण वापरलेली पद्धत प्रचलित नसून माझ्या पत्नीची आहे.’ खाली निबंधाचं नाव, वर्ष, पान, सगळं होतं. निबंधाखाली लेखकांचे ईमेल असतात, त्यावर ते पाठवून दिलं. मग एकेक करत पाठवतच सुटलो. मला त्यात हुरूप आला. कितीतरी दिवसांत मी इतक्या तडफेनं काही केलं नव्हतं. जणू ही वरच्या खोलीत बसलीय आणि मी तिच्या वतीनं खाली दारात भांडतोय.

उत्तरं फारशी आली नाहीत. एकानं आपल्या कामात रस घेतल्याबद्दल माझे आभार मानले. एकीनं मला परिषदेचं आमंत्रण पाठवलं. एका भल्या गृहस्थानं माझ्या स्वतःच्या संशोधनाचा विषय विचारला, त्याला मी ‘भिंगं’ असं कळवलं.

शेवटी ते घाईबाईच्या कानावर गेलं. पत्र मिळालेल्यांपैकी कुणीतरी तिच्याकडे विचारणा केली होती, की तुमच्याकडचे हे गृहस्थ कोण आणि आमच्यावर का खवळलेत. भर कामाच्या वेळेत ती घरी आली. पांढरा कोट अंगावरच होता. मी चहा ठेवला. ती चक्क बसली आणि कप रिकामा होईपर्यंत उठली नाही, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

तिनं मला समजावलं. रागावून नाही, चढ्या आवाजातही नाही. म्हणाली की एखादी पद्धत नवी असते तेव्हा प्रत्येक जण ती कुणाची ते सांगतो, कारण वाचणाऱ्याला खात्री द्यायची असते. ती सगळीकडे रुळली की सांगायची गरज राहत नाही. मॅडमचं धुणं आता पाठ्यपुस्तकात आहे, रंगाच्या तयार पाकिटांवर छापलेलं आहे, शिकाऊ लोकांना पहिल्या आठवड्यात शिकवतात. आकडा उतरला तो लोक विसरले म्हणून नव्हे, तर सगळे तेच करतात म्हणून. “आमच्यात यापेक्षा वर काही नसतं काका,” ती म्हणाली. “माझा एक पेपर असा नाहीसा झाला तर मी पेढे वाटीन.”

मला ते कळलं. मी अडाणी नाही. पण कळणं वेगळं आणि पटणं वेगळं. मी म्हटलं, नाव लिहायला असा कितीसा वेळ लागतो?

तिनं माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, “काका, तुम्ही इतकी वर्षं चष्मे विकलेत. पावतीवर कधी भिंग शोधून काढणाऱ्याचं नाव लिहिलंत?”

“त्याची बायको माझ्या दुकानात आली असती, तर लिहिलं असतं.”

ती उठली. कप उचलून मोरीत ठेवायला गेली आणि बराच वेळ नळ सोडून तिथेच उभी राहिली. जाताना एवढंच म्हणाली की आणखी पत्रं नका पाठवू, आणि मी तिला वचन दिलं.

वचन मी पाळलं. पण आधी गेलेलं एक पत्र कुणीतरी अजून उघडायचं होतं. काही आठवड्यांनी त्याचं उत्तर आलं. लिहिणारा दूरच्या देशातल्या एका इस्पितळातला डॉक्टर होता. त्यानं मनापासून माफी मागितली होती. त्यानं लिहिलं होतं, ‘ही पद्धत मला माझ्या शिक्षकांनी शिकवली आणि त्यांना त्यांच्या शिक्षकांनी. ती कुणीतरी शोधून काढली असेल असं माझ्या कधी मनातच आलं नाही. मला वाटत होतं, हे पहिल्यापासून असंच आहे. आपल्या पत्नीच्या हातून झालेल्या कामावर आमच्या इथली मुलं बरी होतात. मी नियतकालिकाला दुरुस्ती पाठवतो आहे.’

पत्र चांगलं होतं. मी ते लेकीला फोनवर वाचून दाखवलं. ती रडली आणि तिनं पोरांनाही ते ऐकवलं. मी जिंकलो होतो. आता दुरुस्ती छापून यायची आणि हिचा आकडा वाढायचा. मी रोज सकाळी डोळ्यांत तेल घालून ते पान बघत होतो.

एका सकाळी तो वाढला.

मी चहाचा कप खाली ठेवला. नकाशा काढायला उठलो आणि अर्ध्या वाटेत थांबलो. गाव कुठलं ते मला माहीतच होतं. नाव कुणी घेतलं तेही माहीत होतं, का घेतलं तेही. एरवी आकडा वाढला की छातीत काहीतरी हलायचं, घरात कुणीतरी येऊन गेल्यासारखं वाटायचं. आज काहीच झालं नाही. मी पुन्हा खुर्चीत बसून त्या आकड्याकडे बघत राहिलो. ही त्यात नव्हती. मीच बाहेरून दार वाजवलं होतं आणि मीच आतून उघडायला गेलो होतो.

त्या दिवशी मला ती गेल्याचं जसं कळलं, तसं ती गेली त्या दिवशीही कळलं नव्हतं. तेव्हा माणसं होती, धावपळ होती, सह्या होत्या. मी समोरच्या खुर्चीकडे बघून काहीतरी म्हणायला गेलो आणि माझं मलाच ते खोटं वाटलं. मग मी बोललोच नाही.

दुसऱ्या दिवशीही पान उघडायला मन होईना. तो एक आकडा आता त्यात कायमचा मिसळून गेला होता. बाकीचे सगळे आपण होऊन आलेले, तिच्या कामाला भुलून आलेले, आणि त्यांत हा एक माझा, मागून घेतलेला. मला तो डोळ्यांत खुपायला लागला. शेवटी मी ठरवलं की घाईबाईला भेटायचं आणि हा एक काढून टाकता येतो का ते विचारायचं. हिच्या वाट्याला जेवढे आपण होऊन आले तेवढेच राहू देत. थोडे का असेनात, ते तिच्यासाठी आलेले होते.

बसनं गेलो. तिच्या विभागात मी पूर्वी कित्येकदा गेलो होतो, पण नेहमी फाटकापर्यंत, फार तर जिन्यापर्यंत. ही खाली यायची आणि आम्ही घरी निघायचो. आता जिना चढून वर गेलो. घाईबाई व्हरांड्यातच भेटली, हातात कागद, कानाला फोन. मी काय म्हणतोय ते तिनं अर्धं ऐकलं आणि फोनवर हात ठेवून म्हणाली, “काका, आकडा वाढवून द्या म्हणून लोक माझ्या मागे लागतात. कमी करा म्हणून आलेले तुम्ही पहिलेच.” मग तिनं मला एका खोलीत नेऊन स्टुलावर बसवलं, आत्ता येते म्हणाली आणि गेली.

खोली लांबट होती. खिडकीखाली दगडी ओटा, त्यावर स्टीलची भांडी, काचपट्ट्या उभ्या करायच्या जाळ्या, रंगानं निळे झालेले चिमटे. ओट्याशी दोघं जण होते. एक पन्नाशीच्या बाई, डोक्याला कापडी टोपी, आणि शेजारी एक दाढीवाला गृहस्थ. त्यांच्या बोलण्यावरून कळलं की तो रक्ततपासणीतून नुकताच इकडे बदलून आलाय आणि स्वतःही अलीकडेच इथे आलेल्या बाई त्याला काम दाखवतायत. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पाहुणा समजून सोडून दिलं. बाईंनी भांड्यात पाणी ओतलं, मीठ मोजून टाकलं, वरून बर्फ घातला. हेच ते आमचं धुणं, हे माझ्या लक्षात आलं. आयुष्यभर मी त्याच्याबद्दल ऐकलं, त्याच्यासाठी भांडलो, पण ते होताना कधी बघितलं नव्हतं.

दाढीवाल्यानं थर्मामीटर हातात घेतला आणि किती अंशावर आणायचं ते विचारलं.

बाई म्हणाल्या, “ते नंतर बघ. आधी बोट घाल. बोटाला राग येईल इतकं गार पाहिजे.”

मी स्टुलावरून उठलो.

हिच्या निबंधात अंश दिलेले आहेत. तो निबंध मी शब्दकोश घेऊन इतक्यांदा वाचलाय की डोळे मिटून सांगेन. त्यात बोट नाही आणि राग नाही. हे वाक्य आमच्या घरातलं आहे. थंडीच्या दिवसांत मी आंघोळीला टाळाटाळ करायला लागलो की ही बाहेरून हाका मारायची, “अहो, जा की, नाहीतर बोटाला राग येईल इतकं गार होईल पाणी.” तिच्या माहेरी असं कुणी म्हणत नसे, माझ्याकडे तर नाहीच. तिचं तिनंच ते कुठूनतरी जमवलं होतं. ती गेल्यापासून ते माझ्या कानावर पडलं नव्हतं, आणि ते हरवलंय हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. आणि आता एक अनोळखी बाई, हिला जिनं कधी पाहिलंही नसेल, ओट्यावरचं पाणी पुसता पुसता ते म्हणत होती.

दाढीवाल्यानं बोट बुडवलं आणि झटकन काढलं.

“आला?” बाईंनी विचारलं.

“आला,” तो म्हणाला आणि बोट चोळायला लागला.

मी जवळ गेलो. मी विचारलं, “हे असं कोण म्हणतं?”

“काय?”

“हे बोटाचं. रागाचं.”

बाईंनी जरा विचार केला. प्रश्न त्यांना विचित्र वाटला असावा. “सगळेच म्हणतात की,” त्या म्हणाल्या. “मला माझ्या आधीच्या बाईंनी सांगितलं. त्यांना कुणी सांगितलं ते नाही माहीत.” मग त्यांनी मला जरा बाजूला सरकायला सांगितलं, कारण मी त्यांच्या उजेडात उभा होतो.

मी त्यांना सांगणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं की हे वाक्य माझ्या बायकोचं आहे. पण तेवढ्यात त्या जाळी पाण्यात सोडायला वाकल्या, दाढीवाला शेजारी वाकला, आणि मी गप्प बसलो. पुन्हा स्टुलावर येऊन टेकलो. डोळे भरून आले होते, ते मी पुसले नाहीत. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

घाईबाई धावतपळत परत आली. माझा चेहरा बघून दारातच थांबली. मग जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली की तो आकडा तिच्या हातात नाही, पण लिहून विचारायचं असेल तर ती विचारेल.

“राहू दे,” मी म्हणालो. “तू तुझं काम आटप. मी बसतो इथे थोडा वेळ.”

तिनं विचारलं, इथे कशाला, माझ्या खोलीत बसा, तिथे खुर्ची तरी आहे.

मी ओट्याकडे बघितलं. बाईंनी दुसरं भांडं पुढे ओढलं होतं आणि त्यात बर्फ घालायला सुरुवात केली होती. दाढीवाल्यानं बाही वर सरकवली.

“त्या पुन्हा म्हणतील आता,” मी म्हणालो, आणि तिला गप्प राहायची खूण केली.